म्हणायची कविता

मी कविता म्हणते. लिहितेही, पण वहीत कविता पुरी झाली असं मला कधी वाटत नाही. चार माणसांसमोर उभं राहून ओळ म्हटली, समोरच्या कुणाची मान हलली किंवा हलायची थांबली, की मग त्या ओळीचं काय ते कळतं. गणपतीचा मांडव, कोजागरीची गच्ची, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हिवाळ्यातल्या मेळ्यातलं कविसंमेलन, हल्ली एखाद्या कॅफेतलं ओपन माईक. जिथे बोलावतात तिथे जाते. मराठीत म्हणते, हिंदीतही म्हणते. घर चालतं ते शाळेतल्या नोकरीवर. ग्वाल्हेरात मराठी कवितेच्या मानधनावर कुणाचं घर चालणार नाही, आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते आवाजाबद्दल.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. तिचंच पुढे शहर झालं आणि नाव राहिलं लष्कर. फौजेबरोबर कारकून आले, भटजी आले, कीर्तनकार आले, आचारी आले. दरबारात मराठी, घरात मराठी आणि बाजारात इथली ब्रज-बुंदेली वळणाची हिंदी, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. आजही आम्ही पत्ते सांगतो ते फालका बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी, ढोलीबुवा का पूल असे. आडनाव मराठी आणि प्रत्यय हिंदी. घराघरांतलं बोलणंही साधारण याच चालीचं असतं. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. जेवायला बसेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते कवितेपाशी. त्या नातवाच्या हातात मराठी पुस्तक दिलं तर तो घडाघडा वाचतो, कारण लिपी तीच आहे. पण वाचतो हिंदीच्या कानाने. 'डोळे'चे 'डोले' होतात, 'बाळ'चा 'बाल' होतो. 'काळ' आणि 'माळ' यांचं यमक जुळवलेलं असेल तर यमक राहतं, पण काळाचा 'काल' होतो आणि गळ्यातली माळ बाजारातला 'माल' होते. त्याहून अवघड म्हणजे च, ज आणि झ. चार, चिमणी, जेवण, जीव हे शब्द एका ठिकाणाहून उच्चारले जातात. चाक, चूल, जाड, झाड हे जीभ दाताकडे नेऊन. अक्षर मात्र एकच. छापलेल्या पानावर हा फरक दाखवायची आपल्याकडे काही सोय नाही. पुण्या-नाशकाकडे ती लागतही नाही, कारण मूल अंगणात खेळता खेळताच ते ऐकतं. इथल्या मुलाच्या अंगणात हिंदी आहे. त्याला 'चांगला'मधला च फक्त कुणाच्या तरी तोंडूनच मिळू शकतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी मंडळाच्या बैठकांतही हट्टाने मांडते: महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला छापील कवितेपेक्षा म्हटलेल्या कवितेची गरज जास्त आहे. पुस्तकं यावीत, वाचनालयं चालावीत, त्यात वाद नाही. पण पुस्तक गप्प असतं. आणि आमच्याकडे जे निसटून चाललं आहे ते नेमकं ऐकू येणारं आहे.

हे मी शिकले कुठे, तर घरीच. दिवेलागणीला आम्हा भावंडांना परवचा म्हणायला बसवत. शुभं करोति, मग मनाचे श्लोक, मग पाढे आणि आजोबांच्या आग्रहाखातर पावकी-निमकी. मनाचे श्लोक २०५, सगळे भुजंगप्रयात वृत्तातले. एक लघु आणि दोन गुरू असा गण चार वेळा, म्हणजे एका चरणात १२ अक्षरं. ही गणितं आम्हाला कुणी शिकवली नव्हती. मांडी घातलेल्या पायांचे गुडघे आपोआप हलायचे, तेवढंच. अर्थ कळायचं ते वय नव्हतं आणि अर्थ कळला नाही म्हणून कुणी थांबवायचंही नाही. आजी कधी कधी चरणाच्या शेवटी मुद्दाम थांबायची आणि आमच्याकडे बघायची. उरलेला शब्द आमच्यापैकी कुणीतरी पुरा करायचाच. ती परीक्षा घेत नव्हती. ती जागा ठेवत होती. आज मी व्यासपीठावरून ध्रुवपदाचा शेवटचा शब्द सोडून देते आणि पहिल्या रांगेकडे बघते, ती आजीची विद्या.

तेव्हा आत बसलेल्या श्लोकांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, एकेक करून कळत गेला. कणीक भिजवून झाकून ठेवली की ती जशी हात न लावता मुरते, तशी पाठ केलेली ओळ आत मुरत राहते. त्यामुळे समोरच्या मुलाला माझी ओळ पुरी समजली नाही तरी मला चिंता वाटत नाही. नादाने ती आत गेली आहे का, एवढं मी बघते. अर्थाला वेळ आहे.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. १०० वा समारोह २०२४ मध्ये झाला. संध्याकाळच्या मैफलींना गर्दी लोटते, पण मी शक्यतो सकाळ चुकवत नाही. हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी आधी सनई वाजते, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मौलानांचा मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठणही होतं. माणसं थोडी असतात, बरेचसे म्हातारे, कानटोप्या घातलेले. मराठी मठाच्या परंपरेतून आलेली ती हरिकथा हिंदी श्रोत्यांसमोर चालते आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही. बोलणं कधी गाणं होतं आणि गाणं कधी परत बोलणं होतं, त्या सांध्यांकडे मी कान देऊन बसते. कवितेच्या कार्यशाळांतून मला जे मिळालं नाही ते त्या सांध्यांत मिळालं.

कीर्तनकार हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत तयार असा मंचीय कवी आहे, असं मी मानते. नारदीय कीर्तनाची बांधणीच बघा. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात आख्यान. श्रोता कंटाळायच्या आत गद्य संपून साकी वृत्तातलं पद येतं, त्यातून दिंडी वृत्तातलं, आणि प्रसंग टिपेला गेला की कटाव. कटावात लहान लहान तुकडे अनुप्रासांनी एकमेकांना ढकलत येतात, कीर्तनकार श्वास जवळजवळ घेतच नाही, आणि नकळत आपणही घेत नाही. मग तो एकदम थांबतो आणि एक साधं वाक्य हळू आवाजात बोलतो. माणसं घरी नेतात ते हे वाक्य. कटाव नसता तर ते ऐकू आलं नसतं.

माझी छावणीवरची कविता मी याच बेताने बांधली. तिचा मधला भाग असा आहे:

तंबू आले, तट्टू आले, टापांखालची माती आली,
कारकुनाच्या कानावरती बोरू आला, शाई आली,
ताशे आले, टाळ आले, तुळशीसुद्धा कुंडीत आली,
चूल आली, चुलीवरती आमटी आली, आजी आली...

इथपर्यंत वेग वाढत जातो. शेवटच्या 'आली'नंतर मी थांबते. मग गाण्याचा, नाटकाचा काही रंग न लावता, शेजारच्या बाईशी बोलावं तसं विचारते: सगळं सामान उतरलं. भाषा कुणाच्या हाती दिली?

त्या थांब्यावर मी फार काम केलं आहे. लहान झाला तर प्रश्न आमटीतच बुडतो आणि लांबला तर लोकांना वाटतं मी विसरले. जनकगंजातल्या एका मांडवात मी तो प्रश्न विचारला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक काकू, ज्या सगळा वेळ ओठांनी माझ्याबरोबर पुटपुटत होत्या, मोठ्याने म्हणाल्या, "आमच्याच हाती की!" सगळा मांडव त्यांच्याकडे वळला. त्यांनी पदर सावरला आणि मला खूण केली, पुढे म्हण. कवितेत पुढे जे कडवं होतं ते मी त्या दिवशी गाळलं आणि त्यानंतर कधीच म्हटलं नाही. काकूंनी ते पुरं केलं होतं. अशी दुरुस्ती वहीत बसून होत नाही.

हीच कविता मी मेळ्यातही म्हटली आहे. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला, गुरांच्या बाजारापासून. आता तिथे गाड्यांपासून गालिच्यांपर्यंत सगळं विकलं जातं, आणि कविसंमेलन आणि मुशायरा होतो. जानेवारीतली रात्र, धुकं इतकं की मागच्या रांगा दिसत नाहीत, माणसं रजया घेऊन बसलेली. कवी गादीवर, तक्क्याला टेकून, शालीत गुरफटलेले. माईकसमोर उभं राहिलं की तोंडातून वाफ निघते आणि त्या वाफेतून ओळ बाहेर पडते. मैदानात कर्णे दूरदूर बांधलेले असतात. एवढ्या थंडीत आवाज सेकंदाला सुमारे ३३५ मीटर जातो, म्हणजे ११० मीटरवरच्या कर्ण्यातला आपलाच शब्द आपल्याला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा परत ऐकू येतो. नवा कवी त्या परत आलेल्या शब्दाला अडखळतो. त्याचा वेग जातो, मग त्याला घाम फुटतो. यावर उपाय एकच: आपल्या कानांवर विसंबायचं सोडून पायांवर विसंबायचं. मी उजव्या पायाच्या अंगठ्याने ठेका धरते, चपलेच्या आत. कुणाला दिसत नाही.

तिथल्या एका साऊंडवाल्या भैयांकडून मी माईक शिकले. ते जाड लोकरी हातमोज्यांची बोटं कापून बसायचे, कारण बटणं उघड्या बोटांनीच कळतात. पहिल्यांदा मला म्हणाले, "दीदी, चार उंगल. और प-फ-भ आए तो मुँह ज़रा तिरछा." माईक आणि ओठ यांच्यात चार बोटांचं अंतर, आणि ओठांवरची व्यंजनं आली की तोंड माईकच्या रेषेतून किंचित बाजूला. नाहीतर 'फूल' म्हटलं की मैदानात धप्प आवाज होतो. तेव्हापासून पाठ करताना मी ओळींतले प-फ-ब-भ पेन्सिलीने गोल करून ठेवते. श्वासाच्या जागी तिरकी रेघ आणि थांब्याच्या जागी दोन रेघा. कागद शेवटी इतका रंगतो की दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही, आणि तोवर मलाही तो लागेनासा होतो.

मेळ्यातल्या श्रोत्यांना मराठी येत नाही. पण तंबू, तट्टू, टाप, ताशे, तुळस यांना भाषांतर लागत नाही. वेग त्यांनी बरोबर धरला. शेवटचा प्रश्न मात्र मी हिंदीत विचारला. टाळी लगेच आली नाही, थोड्या वेळाने आली, मागून पुढे. ज्यांच्या घरांतली ब्रज किंवा बुंदेली मुलांच्या तोंडून गेली आहे तेही तिथे बसले होते, हे मला तेव्हा उमगलं. प्रश्न मराठी माणसांचा म्हणून लिहिला होता. तो तेवढ्यांचाच नव्हता.

या गावात कविता आवाजाची आहे हे तांब्यांना माहीत होतं. भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीला १८७३ मध्ये जन्मले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरात वारले. ग्वाल्हेरचे राजकवी. त्यांची समग्र कविता उघडली की कवितांबरोबर राग किंवा जाती (मात्रांचं वृत्त) दिलेली दिसते आणि ठिकाण म्हणून 'लष्कर-ग्वाल्हेर' छापलेलं. महाराष्ट्राने त्यांची गीतं पुढे वसंत प्रभूंच्या चालींत, लताबाईंच्या गळ्यातून ऐकली आणि आपलीशी केली. पण त्याआधीच कवीने स्वतः कागदावर लिहून ठेवलं होतं की हे नुसतं डोळ्यांनी वाचू नका. माझ्याच वस्तीतला कवी हे करून गेला, याचा मला फार आधार वाटतो.

तरी मी गात नाही. यावरून माझं अनेकांशी बिनसलं आहे. हिंदी कविसंमेलनात कवयित्रीची जागा ठरलेली असते. सुरुवातीला सरस्वती वंदना, पुढे एक शृंगारगीत, तेही तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर गाऊन. वीररस, व्यंग्य, विचार हे सगळं पुरुषांकडे. एका संमेलनाआधी संयोजकांनी लिफाफा हातात देतानाच सांगितलं होतं, "गाकर पढ़िएगा, लोग बैठे रहेंगे." मी छावणी म्हटली, न गाता. लोक बसले होते. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. तरन्नुमची ताकद मी जाणते, ज्यांना तो गळा आहे त्यांनी जरूर गावं. पण बाईने गाऊनच दाखवलं पाहिजे ही अट मला मान्य नाही आणि होणार नाही. बाईच्या बोलण्याच्या आवाजातही जरब असते, माया असते, हिशेब विचारण्याची धमक असते. ते सगळं सुरात बुडवून गोड करायचं कारण काय? माझ्यानंतर मंचावर येणाऱ्या मुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की तुझा बोलायचा आवाज तुझ्या कवितेला पुरेसा आहे.

मराठीत गाऊन आणि न गाता, दोन्ही तऱ्हांनी लोकांसमोर कविता म्हणण्याची परंपरा भक्कम आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं आणि त्यातल्या कवींनी काव्यगायन लोकांपर्यंत नेलं. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर तिघे मिळून गावोगाव कवितावाचनाला फिरले. तीन वेगळे आवाज, तीन स्वभाव, आणि सभागृहं भरलेली. शाहिरांची तर गोष्टच निराळी. तिकडे अमेरिकेत, शिकागोच्या ग्रीन मिल नावाच्या क्लबात, १९८६ पासून मार्क स्मिथ यांनी 'स्लॅम' नावाची काव्यस्पर्धा चालवली: कवीला साधारण ३ मिनिटं, परीक्षक श्रोत्यांतूनच उचललेले, गुण ० ते १०. कवितेला गुण देणं मला रुचत नाही. पण परीक्षक म्हणून समोरचा कुणीही चालतो, कवितेतला जाणकारच हवा असं नाही, हा विचार मला पटतो. काकूंना कुणी जाणकार म्हटलं नसतं.

आमच्याकडे सिटी सेंटरच्या कॅफेंतून मुलं ओपन माईक करतात, त्यांच्यात मी आवडीने जाते. विषय त्यांचे खरे असतात, नोकरी, एकटेपणा, घरच्यांशी वाद. धीट आहेत. फक्त फोनमधून वाचतात. चेहऱ्यावर स्क्रीनचा निळा उजेड, डोळे खाली, अंगठा ओळ सरकवतोय. ओळ पाठ नसली की डोळे मोकळे नसतात, आणि डोळे मोकळे नसले की समोरचा माणूस कवितेत येतच नाही. पाठ करा, असं मी त्यांच्या मागे लागते. काही जण करतात. एका मुलाने पहिल्यांदा फोन खिशात ठेवून कविता म्हटली तेव्हा मधेच त्याचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. त्यानंतरच्या चार ओळी त्याने ज्या म्हटल्या, तशा त्याने आधी कधीच म्हटल्या नव्हत्या. श्रोत्यांकडे बघून, हळू, प्रत्येक शब्दाला जागा देत.

सध्या माझ्याकडे रविवारी संध्याकाळी लष्करातली काही मुलं येतात. परवचाच म्हणा, फक्त आताच्या कविता घेऊन. पुस्तक कुणाच्याच हातात द्यायचं नाही, असा नियम आहे. मी म्हणते, ती ऐकतात, मग म्हणतात. ळ येण्यासाठी जीभ मागे वळवून टाळूला लावायची, हे आरशात बघून चालतं. त्यांच्यातली एक मुलगी, वय असेल नऊ-दहा, 'चूल' आणि 'चिमणी' असं एकामागून एक म्हणत स्वतःच्या दातांवर बोट ठेवून बघते, जीभ कुठे लागली ते. घरी गेल्यावर ती आईलाही ते करून दाखवायला लावते, असं आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं. आईचा च हिंदी झाला आहे. तो आता सुधारतो आहे.

छावणीचा कटाव मी या मुलांमध्ये वाटून दिला आहे. प्रत्येकाला एक तुकडा, श्वास घ्यायची परवानगी फक्त दुसऱ्याचा तुकडा चालू असताना. शेवटचा प्रश्न कुणी विचारायचा यावर अजून भांडण आहे. दातांवर बोट ठेवणारी म्हणते, मीच. तिचा आवाज बारीक आहे, पण थांबता तिलाच येतं, म्हणून माझाही कल तिकडेच आहे. यंदाच्या गणेशोत्सवात मुलांसाठी दहा मिनिटं मागितली होती, मंडळाने सात दिली आहेत, आरतीच्या आधीची. उरलेली तीन मी सोडलेली नाहीत. परवा अध्यक्षांच्या घरी पुन्हा जाणार आहे आणि या वेळी मुलांना बरोबर नेणार आहे. त्यांच्या दिवाणखान्यातच म्हणू दे सगळा कटाव, मग बघू ते किती मिनिटं देतात.